वहिनींना कमिटीतून काढलं तेव्हा

आमच्या सोसायटीच्या कमिटीतून वहिनींना काढण्याचा ठराव ज्या सभेत झाला, त्या सभेचा अध्यक्ष मी होतो. ठराव वाचून दाखवला तोही मीच. आता त्याला बराच काळ लोटलाय. भाडेकरू बदलले, नवी माणसं आली, त्यांना वहिनी कोण हेही ठाऊक नाही. जुन्यांपैकी कुणी विषय काढला तर एवढंच म्हणतात, काका, दुसरा काही इलाज नव्हता. खरंच नव्हता. तरी लिहून ठेवावंसं वाटतं, कारण त्या बाईंचं नाव निघालं की लोकांना फक्त शेवटचं आठवतं.

नाशिकला इंदिरानगरमध्ये, हायवेपासून जरा आत, आमच्या तीन विंग आहेत. त्या बांधल्या तेव्हा घरटी फार तर एक स्कूटर होती, त्यामुळे आतला रस्ता एका गाडीपुरताच. पुढे घरोघरी चारचाकी आल्या, रस्ता तेवढाच राहिला. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. निवृत्त झालो त्या वर्षी सोसायटीच्या सभेत अध्यक्ष कोण होणार असं विचारलं गेलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. एवढ्या भांडवलावर मी अध्यक्ष झालो.

वहिनींचे यजमान आणि मी एकाच सुमारास इथे राहायला आलो. आमची दारं समोरासमोर. ते रेल्वेत, इगतपुरीला. आयुष्यभर अपडाऊन केलं त्यांनी. निवृत्तीनंतर सकाळी गजर लावायचा नाही, एवढा एकच बेत त्यांनी केला होता. पण सवयीने पहाटेच जाग यायची आणि मग ते माझं दार वाजवायचे. आम्ही जॉगिंग ट्रॅकवर जायचो, थोडं चालायचो आणि बराच वेळ चहाच्या टपरीवर उभे राहायचो. मूलबाळ नव्हतं त्यांना. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. माझ्या मुलीच्या शाळेच्या युनिफॉर्मपासून लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळं त्यांनीच शिवलं. मापं घेताना तोंडात टाचण्या धरून बोलायच्या, आणि ते फक्त माझ्या बायकोलाच कळायचं.

एका रविवारी संध्याकाळी बी विंगच्या गच्चीवर कुणाच्या तरी साखरपुड्याचं जेवण होतं. पाहुण्यांच्या गाड्या गेटपासून आमच्या जिन्यापर्यंत लागल्या होत्या. मी टीव्हीपुढे बसलो होतो. दारावर थापा पडल्या. दारात वहिनी.

"भाऊजी, जरा या ना. हे कसंतरीच करताहेत."

ते खुर्चीत बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि एक हात छातीवर. माझ्याकडे बघितलं, पण बोलले नाहीत. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती आली लवकर, पण गेटाबाहेरच थांबली. आत यायला वाटच नव्हती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि वर गच्चीवर गाणी चालू होती. कुणीतरी धावत जाऊन माइकवरून गाड्यांचे नंबर पुकारले. माणसं हातात जेवणाची ताटं घेऊनच जिना उतरू लागली. शेवटी अॅम्ब्युलन्सची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन चालत आत आली. गाड्यांच्या बाजूने आम्ही त्यांना घेऊन निघालो. एका ठिकाणी स्ट्रेचर बॉनेटच्या वरून उचलून न्यावं लागलं. मागून वहिनी येत होत्या. त्यांच्या हातात यजमानांच्या चपला होत्या. परत येताना लागतील म्हणून घेतल्या असणार.

हॉस्पिटलमध्ये थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. वहिनी बाकावर बसल्या होत्या, शेजारी माझी बायको. डॉक्टरांनी आधी वहिनींशी बोलून त्यांना आत नेलं आणि नंतर मला बाजूला घेतलं. झटका फार मोठा होता म्हणाले. गाडीत घेतलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. मी गाड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "रस्ता मोकळा असता तरी फरक पडला नसता. ह्याचा विचार करत बसू नका."

मी हे वहिनींना योग्य वेळी सांगायचं ठरवलं. पण तेराव्याच्या आधीच त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागल्या, "गाड्या नसत्या ना, तर वाचले असते." लोक मान हलवायचे. ज्यांच्या घरचा साखरपुडा होता ते येऊन पाया पडून गेले. अशा वेळी मध्येच डॉक्टरांचं वाक्य कसं सांगणार? त्या बाईला रागावायला निदान काहीतरी मिळालं होतं. मी ते वाक्य माझ्याजवळच ठेवलं.

पुढच्या वार्षिक सभेला वहिनी आल्या आणि मागच्या ओळीत बसल्या. पार्किंगचं काम कोण बघणार, हा दर वर्षीचा रखडणारा विषय निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "मी बघते." सगळ्यांना हायसं वाटलं. हात वर करून त्यांना एकमताने कमिटीवर घेतलं.

आणि त्यांनी काम केलं. इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं असं. रंगाऱ्याला बोलावून रस्त्याच्या कडेला पिवळे पट्टे मारून घेतले, दोरीचं एक टोक स्वतः धरून. पाहुण्यांच्या गाड्या बाहेरच्या मोकळ्या जागेत लावायचं ठरवलं. गेटाच्या आत साखळी बसवली, तिची चावी स्वतःजवळ ठेवली आणि शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली. गोड बोलून सगळ्यांकडून करवून घ्यायच्या. एकदा सी विंगमधल्या एका गरोदर मुलीसाठी अॅम्ब्युलन्स आली आणि थेट जिन्यापर्यंत गेली. त्या दिवशी वहिनी आमच्याकडे आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"सरळ आली हो," एवढंच म्हणाल्या.

माझ्या बायकोने पोळी लाटायची थांबवली आणि त्यांचा हात धरला.

पुढे बिघडत गेलं ते नेमकं कधीपासून, हे मला सांगता येणार नाही. आधी शाळेची व्हॅन आत येणं बंद झालं. लहान मुलं पावसात गेटपर्यंत चालत जाऊ लागली. मग कुणाचे तरी आईवडील नंदुरबारहून सामान घेऊन आले, त्यांची टॅक्सी वहिनींनी साखळीच्या बाहेरच उभी केली आणि म्हाताऱ्या माणसांनी बोचकी उचलून आणली. गणपतीचा मांडव नेहमी रस्त्याच्या कोपऱ्यात पडायचा. वहिनी म्हणाल्या, "रस्त्यात काही नको." मांडव गच्चीवर गेला आणि गुडघे दुखणाऱ्यांची आरती चुकली. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीच्या काचेवर त्या खळीने कागद चिकटवायच्या, तो खरवडून काढताना लोक शिव्या द्यायचे. मुलं त्यांना साखळीवाल्या आजी म्हणू लागली. एका मुलीची सायकल त्यांनी रस्त्यातून ओढून बाजूला केली, ती मुलगी घाबरून रडली आणि तिची आई माझ्याकडे आली.

शिवणकाम तर सुटलंच. बायका कापड घेऊन यायच्या तर दाराला कुलूप. वहिनी खाली खुर्चीत. जेवणही तिथेच व्हायचं, तेसुद्धा माझी बायको ताट घेऊन खाली गेली तर.

मी एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसलो. दुपारची वेळ होती, रस्ता रिकामा होता.

"वहिनी," म्हटलं, "एखादी गाडी दोन मिनिटं थांबली तर काय बिघडतं?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेही दोन मिनिटंच म्हणत होते, भाऊजी. गच्चीवरचे."

मी उठून वर आलो. घरी बायको म्हणाली, "तिला तिथून उठवायला हवं कुणीतरी." मी विचारलं, "उठवून कुठे बसवायचं?" तिने वहिनींचं ताट वाढायला घेतलं.

सी विंगच्या तळमजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांचं डायलिसिस चालू होतं. एरवी त्यांचा मुलगा त्यांना न्यायचा. त्या दिवशी तो बाहेरगावी होता म्हणून मुलगी-जावई आले होते. आजोबांना चार पावलंही धड टाकता येत नव्हती, म्हणून जावयाने गाडी अगदी दाराशी, पिवळ्या पट्ट्याच्या आत लावली आणि ते आत गेले. साखळी वहिनींनी कुणाच्या तरी गाडीसाठी उघडली होती, ती लावायची राहिली होती. वहिनी खाली आल्या, त्यांना रस्त्यात अनोळखी गाडी दिसली. त्यांनी हाक मारली नाही, बेल वाजवली नाही. खाली बसून दोन चाकांची हवा सोडून दिली.

आजोबांना दोघांनी धरून बाहेर आणलं तर गाडी एका बाजूला बसलेली. रिक्षा शोधण्यात वेळ गेला. मुंबई नाक्याला ट्रॅफिक होतं. पोचले तोवर त्यांच्या जागी दुसरा पेशंट घेतलेला होता आणि थांबावं लागलं. त्यातच त्यांना धाप लागली आणि त्यांना अॅडमिट करून घ्यावं लागलं. काही दिवसांनी ते घरी आले, पण पार खचून.

त्या संध्याकाळी आजोबांची मुलगी माझ्या दारात उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"काका," ती म्हणाली, "त्यांचं दुःख आम्हाला कळतं. त्यांचे यजमान गेले तेव्हा बाबा रडले होते. पण माझ्या बाबांना काही झालं असतं तर? तुम्ही आता त्यांना तिथून हलवा."

सोसायटीच्या ग्रुपवर तर आगच लागली होती. काहींनी असं लिहिलं होतं की ते मी बायकोला वाचू दिलं नाही.

आमच्या सेक्रेटरी म्हणजे ए विंगमधल्या एक वकीलबाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शांत. त्यांनी मला नीट समजावलं. वहिनींनी राजीनामा दिला तर उत्तम. नाही दिला तर त्यांना रीतसर नोटीस द्यायची, खास सभा बोलवायची, सगळ्यांसमोर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि मग ठराव मताला टाकायचा. परस्पर काढता येत नाही. "आणि काका," त्या म्हणाल्या, "तसं करूही नये. त्यांनी फुकट काम केलंय, आणि तेही मनापासून."

आम्ही दोघं वहिनींकडे गेलो. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. वहिनींनी पाणी आणलं. आम्ही कशासाठी आलो ते त्यांना कळलेलं होतं.

"आजोबा कसे आहेत?" त्यांनीच विचारलं.

"बरे आहेत आता."

"मला माहीत नव्हतं हो त्यांना न्यायला आलेत ते. मला फक्त गाडी दिसली." त्यांनी पाण्याचे पेले आमच्याकडे सरकवले. "मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. आत गेले नाही. त्यांची मुलगी दाराशी बसली होती, तिला बघून परत आले."

वकीलबाई हळूच म्हणाल्या, "काकू, तुम्ही खूप केलंत. आता थोडी विश्रांती घ्या. तुम्हीच राजीनामा दिलात तर सभेत कुणी काही बोलणार नाही."

वहिनींनी मशीनवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा सरळ केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, मी चुकले. सगळ्यांसमोर माफी मागते. पण राजीनामा नाही देणार. मी सोडलं असं व्हायला नको. तुम्हाला काढायचं असेल तर काढा."

जिन्यात आल्यावर वकीलबाईंनी डोळे पुसले. त्या दाराच्या आतला माणूस मला रोज पहाटे उठवायचा, आणि त्याच दारावर मला आता नोटीस द्यायची होती. दुसऱ्या दिवशी ती दिली. वहिनींनी सही करून ती घेतली आणि विचारलं, "चहा घेणार?" मी घेतला. आम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टींवर बोललो.

सोसायटीला हॉल नाही. सभा बी विंगच्या खालच्या पार्किंगमध्ये व्हायच्या. त्यासाठी तिथल्या गाड्या बाहेर काढाव्या लागायच्या आणि सतरंज्या, खुर्च्या मांडायच्या. त्या रविवारी सकाळीही तसंच झालं. बायको घरीच थांबली. म्हणाली, "मला ते बघायचं नाही."

एरवी सभेला बोलावून बोलावून माणसं यायची नाहीत. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. आजोबाही आले होते, अंगावर शाल, शेजारी मुलगी. वहिनी शेवटी आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, केस नीट विंचरलेले. पण खुर्चीत बसल्या नाहीत. पार्किंगच्या तोंडाशी उभ्या राहून मागे रस्त्याकडे बघत राहिल्या.

मी सभा सुरू झाल्याचं सांगितलं. विषय वाचला. तक्रारी काय आहेत ते वकीलबाईंनी थोडक्यात सांगितलं, एकही वाकडा शब्द न वापरता. मग मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला काय म्हणायचं आहे ते सांगा."

त्या म्हणाल्या, "आधी गाड्या काढा."

कुणाला काही कळेना.

"सभेसाठी इथल्या गाड्या काढून तुम्ही रस्त्यात लावल्यात. गेटपर्यंत. इथे आत्ता कुणाला काही झालं तर? आधी त्या काढा, मग मला काढा."

मी उठून बघितलं. खरंच, रस्ता भरून गेला होता, त्या संध्याकाळी होता तसाच. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, पण ते हसणं लगेच विरलं. पहिल्यांदा कोण उठलं ते आठवत नाही. मग एकेक जण उठला, खिशातून किल्ली काढून बाहेर गेला. बराच वेळ फक्त गाड्या चालू होण्याचे आणि मागे घेण्याचे आवाज येत होते. वहिनी उभ्याच होत्या, शेवटची गाडी गेटाबाहेर जाईपर्यंत. मग आत आल्या.

"आजोबांची मी माफी मागते," त्या म्हणाल्या. "आणि त्या सायकलवाल्या मुलीची. रस्ता मोकळा ठेवा. मला एवढंच सांगायचं होतं."

यजमानांचं नावही काढलं नाही त्यांनी.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. म्हणेल की राहू द्या, एकदा समज देऊ आणि सोडून देऊ. मी मुद्दाम थांबलो. पण ज्यांची पोरं पावसात भिजली होती, ज्यांच्या आईवडिलांनी बोचकी उचलली होती, ती सगळी माणसंही तिथेच होती आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी ठराव वाचला. हात वर झाले. काही झटकन, काही अर्धवट, कोपरात वाकलेले. विरोधात फार थोडे. आजोबांनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही, ते डोळे मिटून बसले होते. अध्यक्षाचं मत बरोबरी झाली तरच लागतं. माझ्या मताची वेळच आली नाही.

"ठराव मंजूर," मी म्हणालो. हे शब्द मी त्या आधीही कितीतरी सभांमध्ये उच्चारले होते.

वहिनींनी कमरेची किल्ली काढून माझ्या पुढ्यात टेबलावर ठेवली. मग आजोबांच्या खुर्चीपाशी जाऊन वाकल्या. आजोबांनी डोळे उघडले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"घरी जा पोरी," ते म्हणाले. "आणि काहीतरी खा."

त्यानंतर वहिनी खाली दिसेनाशा झाल्या. दुधाची पिशवी दारावर लटकत राहायची, ती दुपारी कधीतरी आत जायची. बायको जाऊन यायची आणि आल्यावर म्हणायची, "बोलते नीट. पण बसवलं तिथे बसून राहते." त्या जात-येत भेटल्या की मी काहीतरी बोलायचो, त्या हसायच्या. त्यांनी माझ्यावर राग धरला नव्हता, आणि त्यामुळेच माझा पाय त्यांच्या दाराशी जड व्हायचा.

एका दुपारी मी ठरवून गेलो. मला वाटलं, आता डॉक्टरांचं वाक्य सांगायची वेळ आली. निदान एवढं ओझं तरी त्यांच्या मनावरून उतरेल.

"वहिनी, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये..."

"डॉक्टर म्हणाले ते ना?" वहिनी म्हणाल्या. "रस्ता मोकळा असता तरी वाचले नसते, ते?"

मी मान हलवली.

"मला त्यांनी आत नेलं तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या आधी. तुम्हालाही सांगतो म्हणाले."

"मग इतके दिवस तुम्ही..."

"मग काय, भाऊजी." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सकाळी उठून कुठेतरी जायला तर हवं ना. मशीनवर बसायचे, तर त्या घरघरीत ह्यांनी हाक मारल्यासारखी वाटायची. मी मशीन थांबवायचे. परत सुरू केलं की परत हाक. दिवसभरात एक ब्लाउज पुरा व्हायचा नाही. खाली गेलं की बरं वाटायचं. खाली कुणी हाक मारत नाही."

खिडकीतून खालच्या मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता.

"तुम्ही सांगितलं नाहीत ते बरंच केलंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं असतंत तर मला तिथे बसता आलं नसतं. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. पण तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मी बसत होते."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्यांना सांभाळतोय. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून रडली. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पहाटे एकटाच ट्रॅकवर गेलो, टपरीवर चहा घेतला आणि पैसे द्यायचे विसरून परत आलो.

दिवाळीनंतर वहिनींचे भाऊ नांदगावहून आले. त्यांचं तिथे बाजारपेठेत बियाणं-खतांचं दुकान आहे. मोठ्या मनाचा माणूस. टेम्पो घेऊनच आले होते. मला म्हणाले, "साहेब, बहीण एकटी ऱ्हाती इथं, हे काय बरं नाय. आमच्याकडं माणसं लय हायेत. तिला एकटं वाटायचं नाय." वहिनींनी विरोध केला नाही. काय न्यायचं आणि काय नाही हे भावानेच ठरवलं. शिवणयंत्र त्याने उचललं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू दे." ते माझ्या बायकोने ठेवून घेतलं.

टेम्पो निघताना सोसायटीतले बरेच जण खाली आले होते. आजोबांची मुलगी त्या दिवशी माहेरी होती, तीही आली. तिने वहिनींची ओटी भरली, सगळ्यांच्या देखत, विधवा-बिधवा काही न बघता. वहिनींनी तिला जवळ घेतलं.

हिवाळ्याच्या अखेरीस आम्ही दोघं नांदगावला जाऊन आलो. नाशिकरोडहून गाडीने गेलो. वहिनींच्या भावाने स्टेशनवर मोटारसायकली पाठवल्या होत्या. घर दुकानाच्या मागेच, मोठं, माणसांनी भरलेलं. सुना, नातवंडं, ये-जा. जेवणाचा थाट होता. वहिनी मधल्या खोलीत पाटावर बसल्या होत्या, अंगाने थोड्या भरल्या होत्या, गोऱ्या दिसत होत्या.

त्या ताटं घ्यायला उठल्या, तर एक सून पुढे झाली. "आत्याबाई, तुम्ही बसा." पाणी आणायला उठल्या, तर दुसरी. "आत्याबाई, बसा ना." भाऊ अभिमानाने मला म्हणाला, "काडीसुदिक उचलू देत नाय आम्ही तिला. लय केलं तिनं. आता आराम." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. वहिनी हसल्या.

माझ्या मुलीची चौकशी केली त्यांनी, बायकोच्या गुडघ्यांची केली. सोसायटीतलं काही विचारलं नाही. मीही काढलं नाही. त्यांच्या जागी कमिटीवर यायला कुणी तयार झालेलं नाही, हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण ते ऐकून त्यांना बरं वाटेल की वाईट, याचा अंदाज येईना.

जेवणं झाल्यावर त्या आम्हाला मागच्या दारी घेऊन गेल्या. तिथे लिंबाखाली एक बाक होता. समोर गोदामाची भिंत, तिच्यावर ऊन.

"इथे बसते मी," त्या म्हणाल्या.

"दिवसभर?" बायकोने विचारलं.

"हो. वारा छान येतो."

आम्ही तिघंही बाकावर बसलो. गोदामात कुणीतरी पोती रचत होतं, त्याचा दणदण आवाज येत होता. वहिनींनी माझ्या बायकोचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या बांगड्या उगाच पुढेमागे करत बसल्या. निघायची वेळ झाली तेव्हा भाऊ बोलवायला आला.

परतीच्या गाडीत बायको मनमाडपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मनमाडला गाडी थांबली, चहावाला येऊन गेला, पुन्हा सुटली. मग ती म्हणाली, "आपण तिला परत आणू या का?"

"आणून काय करायचं?" मी विचारलं.

मी ते वैतागून विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं. तिलाही कळत नसावं. लासलगाव गेलं, निफाड गेलं. बाहेर द्राक्षबागांवर अंधार उतरू लागला होता. तिने खिडकीची काच खाली ओढली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले. झोपली नव्हती ती. नाशिकरोड येईपर्यंत माझ्या बाहीवर ओल लागत राहिली.